नऊ खुंट्यांचा सराव

सुतार सहा वाजून दहा मिनिटांनी जागा झाला आणि रोजच्यासारखाच पलंगावर पडून राहिला. उशीवरून डोकं एकदम उचललं की कपाळामागे काहीतरी आवळलं जाई, म्हणून तो आधी कुशीवर वळला, मग कोपरावर रेटा देऊन बसता झाला आणि पाय खाली सोडून, डोळे मिटून थांबला. बायकोने खिडकीचा पडदा अर्धाच सरकवला. पूर्ण उजेड त्याला सोसत नसे. ती मनातल्या मनात साठपर्यंत मोजू लागली. साठ तीनदा झाले, चौथ्यांदा अर्ध्यावर आले, तेव्हा तो म्हणाला, "हं. चला." तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. न्हाणीघराच्या दारापर्यंत अकरा पावलं झाली. चार महिन्यांपूर्वी ती सात होत असत. दार तिथेच होतं. पावलं आखूड झाली होती, आणि प्रत्येक पाऊल उचलण्याआधी फरशीने तळवा क्षणभर धरून ठेवल्यासारखं होई.

दाराशी पोचेपर्यंत पायजमा ओला झाला होता. आतल्या स्टुलावर दुसरा घडी करून ठेवलेला होताच.

पावणेसातला चहा झाला. सात वाजता तिने टेबल कोरड्या फडक्याने पुसलं आणि कपाटातून फळी काढून त्याच्यासमोर बरोबर मध्यभागी ठेवली. फळी वीतभर लांबीची होती. एका बाजूला तीन ओळींत नऊ भोकं, दुसऱ्या बाजूला उथळ वाटीसारखा खळगा, आणि त्या खळग्यात नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, नऊ झाल्या की एकेक काढून पुन्हा खळग्यात टाकायची, आणि हे किती सेकंदांत होतं ते मोजायचं, एवढाच तो खेळ.

"तयार?" बायकोने स्टॉपवॉच उचललं.

"मुख्य परीक्षकांनी आज चष्मा पुसलेला दिसत नाही. काल एक सेकंद जास्त लावला माझ्या नावावर."

"तोंड चालवण्याचे गुण नाहीत. सुरू!"

त्याचा उजवा हात खळग्यावर गेला. तो हात एरवी आपल्या मर्जीने हलत असे. मधूनच झटका येई, बोटं हवेत काहीतरी वेचल्यासारखी करत. पण फळीपुढे त्याला दोन झटक्यांमधली फट सापडली होती. खुंटी उचल, थांब, झटका जाऊ दे, बसव. इतक्या महिन्यांच्या सरावाने ती फट त्याच्या मनगटात मुरली होती.

"चोवीस," बायको म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला.

उजव्या हाताने आठ वेळा, डाव्याने आठ वेळा. मग शर्ट. सुतार वरचं बटण काजात घालायला लागला. बटण निसटलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. शेवटी तिने त्याचे हात हळूच बाजूला केले आणि पाचही बटणं लावून टाकली.

"शर्टाला नऊ भोकं ठेव," तो म्हणाला, "मग बघ माझा हात."

ती हसली. गेल्या काही आठवड्यांत हे हसणं तिला आणावं लागत होतं.

आजार सुताराच्या घराण्यातला होता. त्याचा बाप त्यानेच गेला, शेवटची सहा वर्षं एका खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. सुताराचे हात हलू लागले तेव्हा त्याने कुणालाही न विचारता पटाशी, रंधा, करवत, सगळं तेल लावून पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं. त्यानंतर दीड वर्षाने रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली आणि चौदा जणांत त्याला जागा मिळाली.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी, कागदावर चित्र काढत, दोघांना समजावलं होतं. पेशीच्या गाभ्यात मूळ आराखडा असतो. त्याची नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. सुताराच्या आराखड्यात एका जागी तीच तीन अक्षरं गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा लिहिली गेली होती. म्हणून बनणारं प्रथिन वाकडं, मेंदूला मारक. औषध म्हणजे नकलेतल्या अक्षरांशी बरोबर उलट्या बाजूने जुळणारी एक छोटी पट्टी. ती नकलेला चिकटली की पेशी स्वतःच ती नक्कल कापून टाकते. मूळ आराखड्याला हात लागत नाही, त्यामुळे नकला निघतच राहतात आणि औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. दर आठ आठवड्यांनी, कमरेत मणक्यांच्या मधून सुई घालून.

"म्हणजे फर्मा शाबूत ठेवायचा," सुतार म्हणाला होता, "आणि त्यावरून निघालेला वाकडा माल तेवढा मोडायचा."

"याहून नीट मलाही सांगता आलं नसतं," डॉक्टर हसले होते. ते उंच, किंचित पोक काढून चालणारे, पन्नाशीचे गृहस्थ होते आणि रुग्णाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबत असत. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. काहीही नवा त्रास झाला तर लगेच कळवायचं, कारण ही पट्टी माणसाच्या मेंदूत आणखी काय काय करते हे अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. आणि दुसरी: हातांची परीक्षा ठरावीक मर्यादेखाली गेली, तर औषधाचा उपयोग नाही असं धरून त्या माणसाला चाचणीतून मोकळं केलं जाईल.

पहिली गोष्ट दोघांनी ऐकली. दुसरी सुताराच्या मनात ठाण मांडून बसली.

दुसऱ्या भेटीत, हातांची ही खुंट्यांची परीक्षा घेणाऱ्या परीक्षक बाई आपल्या कागदांकडे वळल्या तेवढ्या अवधीत त्याने अंगठ्याच्या पेरावर खुंटीची लांबी घेतली आणि भोकांमधलं अंतर नजरेत भरून ठेवलं. घरी येऊन त्याने पेटीचं कुलूप काढलं. तीन आठवडे लागले. हात झटका देई तेव्हा पटाशी वर उचलून धरायची, झटका गेला की पुन्हा टेकवायची. रुग्णालयातल्या खुंट्या प्लास्टिकच्या, गुळगुळीत. म्हणून त्याने लाकडी खुंट्या पाच प्रकारच्या पॉलिश पेपरने घासून वर मेण चढवलं. फळी पूर्ण झाली त्या संध्याकाळी तो बाप झाल्यासारखा घरभर हिंडला. बायकोलाही कित्येक महिन्यांनी घरात लाकडाचा भुसा झाडताना बरं वाटलं. यात काही वावगं आहे असं दोघांच्याही मनात आलं नाही. परीक्षा म्हटली की अभ्यास आलाच.

मग रुग्णालयातल्या बाकावर ओळखी झाल्या. एक निवृत्त मास्तरीण होती, भावाबरोबर येणारी. एक टॅक्सीवाला, ज्याला त्याची म्हातारी आई घेऊन येई. आणि एक शिवणकाम करणारी बाई, नवऱ्याबरोबर. सुताराने त्या तिघांनाही फळ्या करून दिल्या. पैशाचं नाव काढलं तर तो रागवे. तिन्ही घरांत सकाळ-संध्याकाळ खुंट्या वाजू लागल्या.

मंगळवारी दुपारी, सुतार झोपलेला असताना, मास्तरणीच्या भावाचा फोन आला. सुतार हल्ली दुपारीच नव्हे, बसल्या बसल्याही झोपत असे.

"वहिनी, एकट्याच आहात ना?"

"बोला भाऊजी."

"ताईला परवा दवाखान्यात न्यावं लागलं. आपल्या नव्हे, दुसऱ्या. सकाळी उठेचना. डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. तपासलं तर म्हणाले, डोक्यात पाणी साठलंय. कवटीला भोक पाडून नळी घालणार आहेत."

"आपल्या डॉक्टरांना कळवलंत?"

"भलतंच काय! त्यांना सांगितलंय, ताई आमच्या मावशीकडे गेलीय, या खेपेला येणार नाही. बरी झाली की पुन्हा घेऊन येईन. एकदा नाव कापलं तर कोण उभं करणार आहे आपल्याला?"

"आणि त्या दवाखान्यात? औषधाचं सांगितलंत?"

"नाही हो. आजारच म्हटलं. आजार वाढणारच ना, आज ना उद्या."

तिने विचारलं, "त्यांचं डोकं सकाळीच दुखायचं का? उठताना?"

"...तुम्हाला कसं कळलं?"

"आणि पाय उचलायचे नाहीत? जमिनीने धरल्यासारखे?"

"वहिनी, ठेवतो मी. कुठे बोलू नका, तुम्हाला शपथ आहे." तरीही त्याने फोन ठेवला नाही. "फळी मात्र तिची उत्तम चालायची हो. पार आदल्या संध्याकाळीसुद्धा. पंचवीस सेकंद. तुमच्या मिस्त्रींचे उपकार आहेत."

फोन ठेवल्यावर ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सुतार खुर्चीत झोपला होता. मान छातीवर पडली होती, तोंड अर्धवट उघडं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं झोपेतही जवळ येत होती, लांब जात होती. ती झटक्याची हालचाल नव्हती. तो खुंट्या उचलत होता.

संध्याकाळी लेक कामावरून आली. ती चष्म्याच्या दुकानात होती, चोवीस वर्षांची, घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी बोलायला लागणारी. तिने गेल्या वर्षी कुणाला न सांगता जाऊन रक्ताची तपासणी करून घेतली होती, आणि निकाल आईबापांना एका वाक्यात सांगितला होता: "बाबांचं नाक आणि बाबांचा आजार, दोन्ही मलाच." त्या रात्री सुतार जेवला नव्हता. लेकीला लक्षणं अजून नव्हती. दहा वर्षांनी येतील, कदाचित पंधरा.

"आई, बाबा, इकडे या दोघंही. नाही, तुम्ही बसा बाबा, मीच येते." तिने पिशवीतून पाकीट काढलं. "ऐका हं, नीट ऐका. 'आजाराचा वारसा असलेल्या परंतु लक्षणे नसलेल्या व्यक्तींसाठी चाचणीचा पुढील टप्पा नियोजित वेळेआधी सुरू करण्यात येत आहे.' म्हणजे मी! आणि का, तर हे बघा. 'मधल्या आढाव्यात या केंद्रातील सहभागींच्या हातांची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा लक्षणीयरीत्या टिकून असल्याचे आढळले.' अपेक्षेपेक्षा, बाबा! सगळ्या केंद्रांत आपलं केंद्र वर!"

सुताराने कागद मागून घेतला. तो त्याच्या हातात थरथरला. वाचायला त्याला वेळ लागला, हल्ली ओळ सुटत असे, पण वाचून झाल्यावर त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "बापाने काय दिलं लेकीला? आजार दिला. आता औषधही दिलं. फिटलं."

"अहो बाबा, रडताय काय! पेढा-बिढा काही मागत नाही मी. आई, तू का अशी बघतेस? चेहरा बघ जरा आरशात. लॉटरी लागली की माणसं असा चेहरा करतात?"

"कधी आहे ते?" आईने विचारलं.

"परवा सही. तुमची भेट आहे ना, त्याच दिवशी, अकरा वाजता. मग दोन आठवड्यांत पहिली सुई. मोठी मात्रा आहे, बाबांना देतात ना, तीच. तीच चांगली चाललीय म्हणे."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. आकड्यांचा अर्थ तिला त्या नळाच्या आवाजात एकेक करून लागत गेला. केंद्र वर होतं, कारण केंद्रातल्या चार घरांत खुंट्या वाजत होत्या. औषध हात टिकवतं असं ज्यांनी कुठेतरी टेबलापाशी बसून ठरवलं, त्यांनी एका सुताराची कारागिरी मोजली होती. बटण न लावता येणारे हात त्यांना दिसले नव्हते, पायजमा दिसला नव्हता, मास्तरीण दिसली नव्हती. कारण डॉक्टरांनी त्रास विचारला तेव्हा चौघांनीही "काही त्रास नाही" असं सांगितलं होतं, आणि सुताराच्या प्रत्येक "नाही"ला तिने शेजारच्या खुर्चीतून मान हलवली होती.

बुधवारी सकाळी तिने फळी काढली नाही.

"वेळ झाली," सुतार म्हणाला.

"मास्तरीण दवाखान्यात आहे." तिने त्याला सगळं सांगितलं. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत ऐकत राहिला.

"आजार आहे तो," शेवटी तो म्हणाला. "आजारात माणूस पडतो. माझा बाप पडला, त्याला कुठली सुई टोचली होती?"

"तुमच्या बापाचं डोकं सकाळी दुखायचं? सांगा ना. तुम्हीच बघितलाय त्यांना."

त्याचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला.

"कपडे ओले व्हायचे? इतक्या लवकर? दिवसभर झोपायचे ते?"

"ते झोपायचेच नाहीत," तो नाइलाजाने म्हणाला. "रात्ररात्र जागे असायचे."

"मग?"

"मग काय! तू आता डॉक्टर झालीस?" त्याचा आवाज चढला आणि लगेच डोक्याला हात गेला. तो हळू बोलायला लागला. "अगं, गाणारा रियाज करतो, त्याला कुणी लबाड म्हणतं का? मी हात चालवले. माझे हात. खोटं काय केलं मी?"

"तुम्ही खोटं केलं असं मी म्हणत नाही. आपण केलं. वहीत आकडे माझ्या अक्षरात आहेत. पण त्यांना वाटतंय ते औषधाने झालं."

"वाटू दे की. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत आपली पोरगी आहे."

त्याच्या खांद्याला एक झटका आला आणि गेला.

"हे बंद झालं तर माझ्याकडे काय उरतं सांग," तो म्हणाला. "खुर्ची आणि भिंत. आठ आठवड्यांनी कुणीतरी माझी वाट बघतं, माझं नाव घेऊन हाक मारतं. मी तिथे जातो तेव्हा कामाला जातोय असं वाटतं मला. आणि पोरीचं म्हणशील तर तिला मी आता काय सांगू? कालची लॉटरी खोटी? तिचा तो चेहरा तू बघितलास ना?"

"बघितला."

"मग तोंड उघडू नकोस. मी तुला कधी काही मागितलं नाही." थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "मेंदूचा फोटो काढणारच आहेत की. अडीच महिन्यांनी. असेल काही तर दिसेल त्यात."

"मास्तरणीचाही ठरलेला होता," ती म्हणाली. "अडीच महिन्यांनी."

त्याने हात लांब करून स्वतःच कपाटातून फळी काढली. तिने वेळ लावली नाही, तरी तो सोळा वेळा खुंट्या बसवत आणि काढत राहिला.

गुरुवारी नऊ वाजता ती दोघं रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. बाकावर टॅक्सीवाल्याची आई बसली होती. तिने डोळ्यांनीच नमस्कार केला. टॅक्सीवाला तिच्या शेजारी भिंतीला डोकं टेकून झोपला होता.

"रात्री जागरण झालं का त्याला?" सुताराच्या बायकोने विचारलं.

"नाही गं बाई. असाच झोपतो हल्ली. चांगलं असतं म्हणे, मेंदूला आराम मिळतो." म्हातारीने आवाज खाली आणला. "सव्वीसवर आणलाय मी त्याला. मारून मुटकून. घड्याळ लावलं की उठतो बरोबर."

परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं. परीक्षक बाई दारातच उभ्या राहिल्या, तरुण, केस घट्ट बांधलेल्या, हसण्यात मोजक्या. कुणाला कितवी सुई, कुणाला लहान मात्रा, कुणाला मोठी, हे त्यांना कळू द्यायचं नसे. त्यांना जुने आकडेही दाखवत नसत. त्यांनी फक्त वेळ मोजायची.

सुतार आत गेला. दाराच्या काचेतून बायकोला त्याची पाठ दिसत होती. खोलीतून प्लास्टिकचा हलका टकटक आवाज येत राहिला, एकसारखा, न अडखळता. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा परीक्षक बाईंच्या चेहऱ्यावर, त्यांनी न दाखवायचं ठरवलं असूनही, कौतुक होतं.

तो बाकाकडे वळला तेव्हा ती पुढे झाली. "बाई, एक मिनिट. हे घरी जे—"

परीक्षक बाईंनी तळहात वर केला. "मला काही सांगू नका, काकू. नियमच आहे. माझ्या कानावर काही पडलं तर आजचा त्यांचा कागद बाद करावा लागेल मला. त्रास असेल, औषध असेल, काहीही असेल, डॉक्टरांना सांगा." मग जरा मऊ आवाजात: "तुम्ही काळजी करू नका. काका छान करतात."

दार बंद झालं. सुतार बाकावरून तिच्याकडे बघत होता. तिने काय करू पाहिलं ते त्याने ओळखलं होतं. तो रागावलेला दिसत नव्हता, आणि तेच तिला जड गेलं. तो मूल आईकडे बघतं तसा बघत होता, आता ही काय करील या नजरेने.

व्हरांड्याच्या टोकाकडून परिचारिका चाकांचं टेबल ढकलत आली. टेबलावर निर्जंतुक कापडाच्या घड्या होत्या, लांब सुया होत्या, आणि पांढऱ्या डब्यात एक इवलीशी बाटली. पाण्यासारखं स्वच्छ औषध, दोन चमचेही नसेल.

"तुमचंच आहे, काका," ती आनंदाने म्हणाली. "डॉक्टरांशी बोलणं झालं की घेऊ. आणि लेक येतेय ना अकराला? मी तिचे कागद काढून ठेवलेत. नाक अगदी तुमचं आहे हो तिचं."

टेबल पुढे गेलं. एका चाकाला तेल हवं होतं. सुताराच्या बायकोने तो आवाज आतल्या खोलीत जाऊन थांबेपर्यंत ऐकला, आणि मग नवऱ्याच्या काखेत हात घातला.

"चला," ती म्हणाली. "बोलावलंय."

डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि तपासणीचा पलंग होता. डॉक्टरांनी सुताराचा हात हातात घेतला, डोळ्यांत दिवा मारून बघितला, गुडघ्यांवर हातोडी हलकेच ठोकली. ते खुश दिसत होते, आणि थकलेलेही. पुढच्या टप्प्याच्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या कोपराशी होता.

"मिस्त्री, तुमच्यामुळे आमची मान वर आहे," ते म्हणाले आणि लेखणी उघडली. "सांगा. गेल्या खेपेपासून काही नवीन त्रास?"

"नाही, साहेब. काही नाही."

डॉक्टरांनी सवयीने तिच्याकडे बघितलं. मान हलेल याची वाट बघत त्यांची लेखणी कागदावर टेकलीच होती.

"आहे," ती म्हणाली.

सुताराने डोळे मिटले.

तिने आवाज चढवला नाही. सकाळच्या डोकेदुखीपासून सुरुवात केली. केव्हा लागली, किती वेळ टिकते. मग पावलं, सातची अकरा झालेली. मग कपडे, मग झोप, मग शर्टाची बटणं. डॉक्टरांनी आधी लिहिलं, मग लिहिणं थांबवून ऐकलं, मग उठून सुताराला दारापर्यंत चालायला सांगितलं आणि त्याच्या पायांकडे बघत राहिले. परतीच्या वळणावर सुताराचे तळवे फरशीला धरले गेले आणि डॉक्टरांनी त्याला पडू न देता खुर्चीत बसवलं. नंतर त्यांनी फोन उचलला. आजची सुई द्यायची नाही, असं आधी परिचारिकेला सांगितलं. मेंदूचा फोटो आत्ता, याच तासात, असं दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं.

"पण हात," फोन ठेवून ते जवळजवळ स्वतःशीच म्हणाले. "हातांचा आकडा असा कसा..."

तिने फळीचं सांगितलं. मोजमाप कसं घेतलं, किती महिने, रोज किती वेळा. डॉक्टरांचा चेहरा सावकाश बदलत गेला. ते रागावतील अशी तिची अपेक्षा होती. ते रागावले नाहीत. ते घाबरले.

"फक्त तुम्हीच?" त्यांनी विचारलं.

सुताराने डोळे उघडले. "अगं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि झटका आला तरी तो काढला नाही.

"अकराला आमची मुलगी येईल," ती डॉक्टरांना म्हणाली. "तिला आज सही करू देऊ नका. का ते मी सांगेन तिला, तुम्ही नका सांगू."

डॉक्टरांनी मान हलवली. कोपराशी असलेला गठ्ठा त्यांनी उचलून खणात ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"मास्तरीणबाई मावशीकडे गेलेल्या नाहीत," ती म्हणाली आणि दवाखान्याचं नाव सांगितलं. "तिथल्या डॉक्टरांना या औषधाचं माहीत नाही. त्यांना आधी फोन करा." त्यांचं लिहून होईपर्यंत ती थांबली. मग टॅक्सीवाल्याचं सांगितलं, तो या क्षणी बाहेर बाकावर झोपलेला आहे आणि ती झोप साधी नाही. मग शिवणकाम करणाऱ्या बाईचं, घराचा पत्ता, गल्लीतलं वळण, वरच्या मजल्यावरचा डावीकडचा दरवाजा. डॉक्टरांची लेखणी मागे पडली की ती थांबत होती, आणि लेखणी पोचली की पुढचं सांगत होती.